पिशवी काढण्याआधी : तरुण वयातला गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया

कळंबेकर

माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आहे. ती २९ वर्षांची असून त्यांना अद्याप मूल नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत आणि संबंधांनंतर रक्त जात असल्यामुळे तिने तपासणी करून घेतली, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवालात स्क्वॅमस, म्हणजे चपट्या, पेशींचा कर्करोग निघाला. एमआरआयमध्ये गाठ १.६ सेंटिमीटरची आहे आणि ती गर्भाशयमुखाबाहेर पसरलेली दिसत नाही. त्यानंतर आम्ही ज्या रुग्णालयात गेलो, तिथे पिशवी काढावी लागेल एवढेच सांगून पुढच्या आठवड्यातली तारीख देण्यात आली. मूल हवे असेल तर काय, असे वहिनीने स्वतः विचारले, तेव्हा आधी जीव वाचवू, मुलाचे नंतर बघू, असे उत्तर मिळाले.

घरात सगळ्यांनी ते उत्तर मान्य केले आहे. आई तर देवीला नवस बोलून मोकळी झाली. वहिनी मात्र तेव्हापासून फारसे बोलत नाही. गर्भाशय राखून केवळ त्याचे मुख काढण्याची एक शस्त्रक्रिया असते, असे मला समजले. ती कोणाला करता येते, तिच्यामुळे जिवाचा धोका वाढतो का, त्यानंतर खरोखर मूल होते का आणि त्यासाठी कोल्हापूर सोडून जावे लागेल का, हे जाणकारांनी सांगावे. मला धीर देणारे शब्द नकोत, जे खरे असेल ते हवे आहे.

पंचगंगाकाठ

ताई, मी स्त्रियांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे. वहिनींना तपासल्याशिवाय त्यांच्याबद्दल निर्णय देता येणार नाही, पण निर्णय कोणत्या वाटेने घ्यायचा ते सांगू शकते. सर्वांत आधी पुढच्या आठवड्यातली ती तारीख पुढे ढकला. एवढ्या लहान गाठीच्या बाबतीत नीट तपासण्या करून घेण्यात दोन-तीन आठवडे गेल्याने आजार हाताबाहेर जात नाही. घाईने झालेली पहिली शस्त्रक्रिया मात्र परत फिरवता येत नाही. कर्करोग नसलेल्या साध्या गाठी किंवा अतिरक्तस्रावासाठी जशी पिशवी काढतात तशी ती कर्करोगात काढली, लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, तपासल्याच नाहीत आणि कडेला आजार राहिला, तर पुढे किरणोपचार द्यावे लागण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या किरणांत अंडाशयांचेही काम थांबते. म्हणजे पिशवी काढायचीच ठरली, तरी ती कोणी आणि कशी काढायची हा प्रश्न उरतोच.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. या आजाराच्या अवस्था २०१८ मध्ये नव्याने आखण्यात आल्या आणि त्यांत मिलिमीटरला फार महत्त्व आहे. केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा आणि ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल गेलेला कर्करोग हा आयए१, ३ ते ५ मिलिमीटरमधला आयए२. त्याहून खोल पण २ सेंटिमीटरपेक्षा लहान असलेली गाठ आयबी१ मध्ये येते, २ ते ४ सेंटिमीटरची आयबी२ मध्ये आणि त्याहून मोठी आयबी३ मध्ये. लसिकाग्रंथींत आजार पोहोचला असेल, तर गाठ कितीही लहान असली तरी अवस्था तिसरी धरली जाते. एमआरआयवरून वहिनी आयबी१ मध्ये बसतात आणि गर्भाशय राखण्याचा विचार मुख्यत्वे याच टप्प्यापर्यंत केला जातो.

आयए१ मध्ये, रक्ताच्या किंवा लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी शिरलेल्या नसतील, तर गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढणे, म्हणजे कोनायझेशन, आणि त्याच्या सर्व कडा स्वच्छ निघणे एवढ्यावर उपचार पूर्ण होतो. लसिकाग्रंथींना हातही लावावा लागत नाही. अशा स्त्रीची पिशवी केवळ कर्करोग हा शब्द ऐकून काढली गेली, तर तिचे ते नुकसान टाळता येण्यासारखे होते, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आयबी१ साठी जी शस्त्रक्रिया रूढ आहे तिला रॅडिकल ट्रॅकेलेक्टमी म्हणतात. फ्रान्समधील लियाँ शहरातील शल्यचिकित्सक दानिएल दार्जां यांनी ती १९८७ मध्ये योनिमार्गाने केली आणि १९९४ मध्ये जगापुढे मांडली. पुढे ती पोटावर छेद घेऊन आणि दुर्बिणीनेही होऊ लागली. तिच्यात गर्भाशयमुख, त्याच्या दोन्ही बाजूंच्या आधार देणाऱ्या ऊती आणि योनीचा वरचा थोडा भाग काढला जातो, गर्भाशयाचा मुख्य भाग व अंडाशये जागेवर ठेवली जातात आणि गर्भाशय योनीला पुन्हा जोडले जाते. मुख गेल्यावर गर्भ पेलण्यासाठी खाली आधार उरत नाही, म्हणून बटव्याचे तोंड नाडीने आवळावे तसा कायमचा टाका तिथे घातला जातो.

शस्त्रक्रियेतला क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढून तपासायच्या आणि त्या निर्दोष असतील तरच पुढे जायचे. काही केंद्रांत हिरवे चकाकणारे रंगद्रव्य गर्भाशयमुखात टोचून, आजार सर्वांत आधी जिथे पोहोचेल त्या पहारेकरी ग्रंथी शोधतात. ग्रंथींत कर्करोग सापडला, तर ट्रॅकेलेक्टमी तिथेच थांबवली जाते आणि किरणोपचार व केमोथेरपीचा मार्ग धरला जातो. त्यामुळे भूल घेताना कोणत्याही स्त्रीला, तुमचे गर्भाशय नक्की राहील, असे वचन देता येत नाही. जो डॉक्टर असे वचन देईल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी विचार करा.

सुरक्षिततेबद्दल सांगायचे, तर गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असलेल्या आणि नीट निवडलेल्या रुग्णांत आजार परत येण्याचे प्रमाण साधारण ४ ते ५ टक्के आढळते आणि ते गर्भाशय काढलेल्या तशाच रुग्णांपेक्षा जास्त दिसत नाही. 'नीट निवडलेल्या' या दोन शब्दांत सगळे आले. गाठ २ सेंटिमीटरच्या पुढे गेली की परत येण्याचा धोका वाढतो. तिथे आधी केमोथेरपीने गाठ लहान करून मग गर्भाशय राखण्याचे प्रयोग सुरू आहेत, पण तो नेहमीचा उपचार नव्हे.

गडहिंग्लजकर

डॉक्टरांचा अनादर न करता विचारतो. ४ किंवा ५ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण ज्या घरात तो घडतो त्या घराला तो पूर्ण असतो. आधी जीव हे उत्तर कठोर असले, तरी ते जबाबदारीने दिलेले नाही का? मूल दत्तक घेता येते. नसलेल्या मुलासाठी असलेल्या मुलीला जोखमीत घालणे मला पटत नाही.

पंचगंगाकाठ

तुमची शंका रास्त आहे आणि ती प्रत्येक घरात निघते. मात्र त्या ४-५ टक्क्यांचा अर्थ गर्भाशय ठेवल्यामुळे वाढलेला धोका असा होत नाही. गर्भाशय काढल्यावरही आजार परत येण्याची तेवढीच शक्यता शिल्लक राहते, कारण तो परत येतो तो बहुधा ओटीपोटाच्या भिंतीजवळ, ग्रंथींत किंवा दूर कुठेतरी. या आजाराची लढाई गर्भाशयमुखात आणि त्याच्या शेजारी होते. गर्भाशयाच्या वरच्या भागाला त्याने स्पर्शच केला नसेल, तर तो भाग काढल्याने आयुष्य वाढत नाही. जीव की मूल अशी निवड तेव्हाच पुढे येते, जेव्हा गाठ मोठी असते, ग्रंथींत आजार असतो किंवा पेशींचा प्रकार घातक असतो, आणि तेव्हा मीही गर्भाशय राखण्याच्या बाजूने बोलत नाही.

हा विषय गेल्या काही वर्षांत किती सरकला आहे, हेही सांगायला हवे. २०२१ मध्ये कॉनसर्व्ह नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, खोली १० मिलिमीटरच्या आत, सूक्ष्म वाहिन्यांत शिरकाव नाही आणि शंकूच्या तुकड्याच्या कडा स्वच्छ, अशा कमी धोक्याच्या १०० स्त्रियांवर मर्यादित शस्त्रक्रिया करण्यात आली. ज्यांना मूल हवे होते त्यांचे कोनायझेशन आणि लसिकाग्रंथींची तपासणी एवढेच झाले. दोन वर्षांत आजार परत येण्याचे प्रमाण ३.५ टक्के निघाले. २०२४ मध्ये शेप या अभ्यासाने, कमी धोक्याच्या ७०० स्त्रियांत, साध्या पद्धतीने गर्भाशय काढण्यात आणि आजूबाजूच्या ऊतींसह मोठी शस्त्रक्रिया करण्यात ओटीपोटात आजार परतण्याच्या दृष्टीने फारसा फरक नसल्याचे दाखवले. या दुसऱ्या अभ्यासात गर्भाशय राखले नव्हते, पण निवड काटेकोर असेल तर कमी शस्त्रक्रियाही पुरते, ही दिशा दोन्हींतून दिसते.

सावधगिरीची बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. २०१८ मध्ये लॅक या अभ्यासाने सर्वांना धक्का दिला. या कर्करोगासाठी दुर्बिणीने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत, पोटावर छेद घेऊन काढलेल्या स्त्रियांपेक्षा आजार जास्त वेळा परत आला. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचे प्रमाण छेदाच्या गटात ९६.५ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के होते. तो अभ्यास गर्भाशय काढण्याचा होता. ट्रॅकेलेक्टमीच्या जुन्या नोंदी तपासून २०२२ मध्ये केलेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत असा ठळक फरक आढळला नाही, परंतु तो मागे वळून केलेला अभ्यास असल्यामुळे मी अजूनही रुग्णाशी या मुद्द्यावर सविस्तर बोलते. लहान छेद आणि लवकर घरी जाणे ही कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत निर्णायक गोष्ट नव्हे.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या धाग्यात जे जे निर्णय येत आहेत ते सगळे शेवटी काचेच्या स्लाइडवर ठरतात, म्हणून थोडे लिहितो.

पहिल्या तुकड्यावरून, ज्याला पंच बायोप्सी म्हणतात, कर्करोग आहे की नाही ते कळते, पण तो किती खोल गेला आहे ते खात्रीने कळत नाही. खोली मोजायची असेल तर शंकूचा तुकडा अखंड हवा. तो तीन-चार खंडांत काढला किंवा विजेच्या तारेने त्याच्या कडा जळाल्या, तर कड स्वच्छ आहे की नाही हे मला सांगता येत नाही, आणि मग एका तरुण स्त्रीचे भवितव्य 'सांगता येत नाही' या तीन शब्दांवर अडकते. तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या एका टोकाला, घड्याळाच्या १२ च्या जागी, धागा बांधून पाठवला तर आम्हाला दिशा कळते.

अहवालात पेशींचा प्रकार, खोली, वाहिन्यांतील शिरकाव आणि कडांची स्थिती यांचा स्पष्ट उल्लेख असायला हवा. नुसते 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' एवढे लिहिलेले असेल, तर तो अहवाल या निर्णयासाठी अपुरा आहे. लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कर्करोग आणि जठरासारख्या पेशींचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हे प्रकार इतके आक्रमक असतात की त्यांत गाठ लहान असली तरी गर्भाशय राखत नाहीत. या दोन्ही गोष्टींत तज्ज्ञाची दुसरी नजर मोलाची ठरते. स्लाइड आणि मेणातले ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्या, ते रुग्णाला मिळतात, आणि स्त्रीरोगांच्या कर्करोगाचे काम नियमित पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. यात प्रयोगशाळेवर अविश्वास दाखवल्यासारखे काहीही नाही, आम्ही स्वतःही एकमेकांना स्लाइड दाखवतो.

आजऱ्याची

एरवी मी इथे फक्त वाचते. माझी ट्रॅकेलेक्टमी मुंबईत झाली, म्हणून लिहीत आहे.

शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतरचे सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. मूत्राशयाच्या नसा दुखावल्या जात असल्यामुळे लघवीची नळी काही काळ ठेवावी लागली आणि ती काढल्यावरही लघवी लागल्याची जाणीव नीट यायला वेळ लागला. पाळी सुरू झाली, पण पोटात फार दुखू लागले. गर्भाशयाचे नवे तोंड आकसले होते, ते भूल देऊन रुंद करावे लागले. असे काही जणींत होते हे आधी माहीत असते, तर मी एवढी घाबरले नसते. संबंधांची भीती तर पुष्कळ दिवस गेली नाही. नवरा समजूतदार होता, तरीही दोघांनी समुपदेशकाकडे जाऊन बोलल्यावरच ती कमी झाली.

नंतर मला मुलगी झाली. ती ३४ व्या आठवड्यात, पाणी लवकर गेल्यामुळे, सिझर करून जन्मली आणि काही दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती शाळेत जाते. माझ्याबरोबर त्याच वॉर्डात असलेल्या एका मैत्रिणीचा गर्भ मात्र पाचव्या महिन्यात गेला. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही आणि तो तिचा निर्णय होता. आम्हा दोघींची शस्त्रक्रिया सारखीच झाली होती. म्हणून वहिनींना माझी गोष्ट सांगाल तेव्हा तिचीही सांगा.

पंचगंगाकाठ

आजऱ्याच्या ताईंनी जे लिहिले ते कोणत्याही पत्रकात सापडणार नाही. त्याला आकड्यांची जोड देते. ट्रॅकेलेक्टमी झालेल्या बऱ्याच स्त्रिया पुढे गर्भधारणेचा प्रयत्नच करत नाहीत. ज्या करतात त्यांच्यापैकी निम्म्या किंवा त्याहून काही अधिक जणींना दिवस राहतात, काहींना त्यासाठी वंध्यत्वावरील उपचारांची मदत लागते. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात इतर स्त्रियांइतकेच असतात, पण मधल्या तीन महिन्यांतले नुकसान जास्त असते आणि सुमारे एक तृतीयांश बाळे वेळेआधी येतात. टाका कायमचा असल्यामुळे प्रसूती सिझरनेच करावी लागते. म्हणून अशा गर्भवती स्त्रीने, घराजवळ म्हणून, नवजात अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी नाव नोंदवू नये. शस्त्रक्रियेनंतर किमान ६ ते १२ महिने थांबून, तपासण्या निर्दोष असल्याची खात्री करून मगच प्रयत्न करायचा असतो.

पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला यावे लागते. जी स्त्री किंवा जे कुटुंब हे पाळू शकणार नाही, त्यांच्या बाबतीत मी गर्भाशय राखण्याचा सल्ला जपून देते.

भुदरगड

माझ्या बहिणीच्या बाबतीत हे झाले नाही. गाठ लहान होती, मूल हवे होते, सगळी तयारी झाली होती, आणि टेबलावर असतानाच ग्रंथींचा अहवाल वाईट आला. मात्र तिच्या डॉक्टरांनी आधीच दुसरी वाट विचारून ठेवली होती. त्याच भुलीत त्यांनी तिची दोन्ही अंडाशये किरणांच्या क्षेत्राबाहेर, पोटात वर नेऊन टाक्यांनी बसवली. किरणोपचार आणि केमोथेरपी पूर्ण झाली. आज ती ठीक आहे, पाळी येत नाही, पण अंडाशये काम करत असल्यामुळे रजोनिवृत्तीचा त्रास तिला एकतिसाव्या वर्षी सोसावा लागला नाही. एवढ्या किरणांनंतर गर्भाशय गर्भ वाढवू शकत नाही, हे तिला माहीत आहे.

शस्त्रक्रियेआधी स्त्रीबीजे साठवून ठेवायचे आम्हाला कोणी सुचवले नाही, याचे मात्र फार वाईट वाटते. ताई, तुम्ही तो प्रश्न विचारून घ्या.

शाहूपुरी_वकील

वरील मुद्द्याला कायद्याची बाजू जोडतो, कारण सरोगसी करू, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात आपले मूल वाढवू, असे सहज बोलले जाते. सरोगसी नियमन कायदा २०२१ चा असून तो जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पैसे घेऊन गर्भ वाढवणे त्याखाली बंद झाले आहे. केवळ परोपकारी सरोगसीला परवानगी आहे. जोडपे विवाहित हवे, पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ असावे लागते. सरोगेट स्त्री २५ ते ३५ वयोगटातील, विवाहित किंवा पूर्वी विवाहित आणि स्वतःचे मूल असलेली असावी लागते आणि तिला हे आयुष्यात एकदाच करता येते. अशी स्त्री नात्यागोत्यात किंवा ओळखीत मिळणे सोपे नसते. अविवाहित तरुणीला सरोगसीचा मार्ग या कायद्यात नाही, परंतु स्त्रीबीजे साठवण्यासाठी विवाहित असण्याची अट नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्याच कायद्यानुसार २१ वर्षांवरील स्त्रीला ती सेवा घेता येते.

पंचगंगाकाठ

स्त्रीबीजे साठवण्यास साधारण दोन आठवडे लागतात आणि ते पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. नेहमी सुई योनिमार्गाने घालतात, पण गर्भाशयमुखावर गाठ असताना त्या मार्गाने रक्तस्राव होण्याचा आणि पेशी पसरण्याचा धोका असतो. त्यामुळे बीजे पोटाच्या बाजूने काढता येतील का, हे वंध्यत्वतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी आपसांत बोलून ठरवायला हवे. दोघांनी एकमेकांना फोन केला आहे का, एवढे रुग्णाने विचारले तरी पुष्कळ काम होते.

शेंडा_पार्क

मी रुग्णालयात समाजसेवेचे काम करते. खर्चाबद्दल कोणी विचारले नाही, पण मनात असणारच.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार समाविष्ट असून वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. दाखल होण्याआधीच त्यांना भेटून, ठरलेली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत नेमक्या कोणत्या नावाने बसते आणि पूर्वपरवानगी मिळेल का, ते विचारा. वंध्यत्वावरील उपचार आणि बीजे साठवण्याचा खर्च मात्र स्वतः करावा लागेल असे धरून चाला.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गोकुळ शिरगावला कर्करोगाचे स्वतंत्र केंद्र आहे. एमआरआय, बायोप्सी, किरणोपचार यांसाठी जिल्हा सोडावा लागत नाही. ट्रॅकेलेक्टमी मात्र ज्या शल्यचिकित्सकाच्या हाताखालून नियमित जाते त्याच्याकडेच करावी, मग तो इथे असो, पुण्यात असो वा मुंबईत. मुंबईला टाटा मेमोरियलला जायचे झाले, तर मुक्कामाची सोय आधी पाहा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्ण व नातेवाइकांच्या निवासाची जुनी ठिकाणे आहेत. प्रवास न करता आधी मत घ्यायचे असेल, तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर अहवाल पाठवून लेखी मत मिळवता येते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. आपल्या भागात पिशवी काढणे ही फार सहज गोष्ट झाली आहे. ऊसतोडणीला येणाऱ्या बीडकडच्या बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यावर पिशवी काढायला तयार झालेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्यांपैकी काहींची गर्भाशयमुखाच्या पेशींची साधी पॅप तपासणीही झालेली नव्हती. पिशवी काढण्याआधी गर्भाशयमुख तपासले गेलेच पाहिजे, मग बाई २५ वर्षांची असो वा ५० ची.

कळंबेकर

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी वहिनीला वाचायला दिला. काल रात्री ती पहिल्यांदा आमच्या सगळ्यांसमोर बोलली. तिला मूल हवे आहे, पण ग्रंथींत आजार निघाला तर किरणोपचाराला तिची ना नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. आम्ही ती तारीख रद्द केली आहे आणि स्लाइड व ब्लॉक मागून घेतले आहेत.

आईच्या मनात मात्र एक गोष्ट बसली आहे. हा आजार संबंधांतून येतो असे कोणीतरी तिला सांगितले, तेव्हापासून ती वहिनीकडे वेगळ्या नजरेने पाहते. हे तिला कसे समजवावे?

पंचगंगाकाठ

आईंना माझ्या वतीने सांगा की हा आजार ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो संसर्ग संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो, एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्यांनाही. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांत तो वर्षानुवर्षे राहतो आणि त्यातून कर्करोग होतो. सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात. संसर्ग कोणाकडून आणि कधी आला हे कोणत्याही तपासणीत कळत नाही, त्यामुळे वहिनींच्या किंवा तुमच्या भावाच्या वागणुकीबद्दल यातून काहीही सिद्ध होत नाही.

आणि आईंना हेही सांगा की आपल्याच राज्यातल्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांनी एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या आजाराचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. त्या सगळ्या ३० ते ५९ वयाच्या साध्या संसारी बायका होत्या. आईंनी स्वतः कधी तपासणी केली नसेल, तर वहिनींबरोबर त्यांनाही घेऊन या.

कळंबेकर

आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती तपासणीला यायला तयार झाली आहे.

दुसऱ्या तज्ज्ञांनी स्लाइड पाहिल्या. प्रकार स्क्वॅमसच आहे आणि तुकड्यात सूक्ष्म वाहिन्यांतला शिरकाव दिसत नाही. एमआरआय पुन्हा वाचून घेतला. गाठीच्या वरच्या टोकापासून गर्भाशयाच्या आतल्या तोंडापर्यंत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर आहे. शल्यचिकित्सकांनी ट्रॅकेलेक्टमी शक्य असल्याचे सांगितले आहे. स्त्रीबीजांबद्दलही विचारले आणि त्या तज्ज्ञांशी भेट ठरली आहे. आता संमतीपत्रावर सही करण्याआधी काय पाहावे, एवढे शेवटचे सांगाल का?

पंचगंगाकाठ

छापील संमतीपत्रात फक्त शस्त्रक्रियेचे नाव असेल, तर त्यावर सही करून थांबू नका. टेबलावर ग्रंथी बाधित निघाल्या तर काय करायचे, वरची कड स्वच्छ आली नाही तर आणखी थोडा भाग काढून पाहायचा की त्याच वेळी गर्भाशय काढायचे, आणि किरणोपचार लागणार असतील तर अंडाशये वर बसवायची का, या तिन्हींची उत्तरे वहिनींनी शुद्धीत असताना, स्वतःच्या शब्दांत, संमतीपत्रावर लिहून द्यावीत. नाहीतर शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्या नातेवाइकांना बोलावून घाईत विचारले जाते आणि घाबरलेला माणूस जे सुचेल ते सांगतो. ते टाळा. आणि अंतिम अहवालात वाहिन्यांतला शिरकाव किंवा इतर धोक्याची लक्षणे निघाली, तर नंतरही किरणोपचार लागू शकतो, हे दोघांनाही आजच माहीत असू द्या. संमतीपत्राची एक प्रत घरी ठेवा.

कळंबेकर

तिन्ही उत्तरे वहिनीने लिहून दिली आणि भावाने खाली साक्षीदार म्हणून सही केली. प्रत आमच्याकडे आहे. अंतिम अहवाल आला की इथेच कळवेन, जसा येईल तसा.